देवदारावरचे उंदीर

लोकांच्या कॉलेजच्या आठवणीत कॅन्टीन असतं, आमच्या आठवणीत उंदीर आहेत. धाराशिवजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी आणि सारिका एम.फार्म.ला होतो. दिवसचे दिवस ॲनिमल हाऊसमध्ये गेले. आता चहाला चार जण जमले की एकेक किस्सा आपोआप बाहेर येतो.

सारिका बेंबळीची. तिचा विषय सोपा करून सांगतो. उंदराला झोपेचं औषध द्यायचं आणि तो किती वेळ झोपतो ते बघायचं. लिव्हरनं औषध लवकर संपवलं की उंदीर लवकर उठतो. त्यावरून माणसाच्या शरीरात काय होईल याचा अंदाज बांधायचा. गावात मात्र बातमी पोचली ती अशी, की दादांची पोरगी शहरात उंदरं निजवायला शिकतीय!

*

दादा म्हणजे तिचे वडील. एकदा ढोकीच्या कारखान्यावर ऊस घालून ट्रॅक्टरसकट थेट कॉलेजात आले. उंदीर न्याहाळून म्हणाले, "एवढ्याशा जिवाला थेंबभर, मग मला पोतंभर लागंल की गं?"

"तसं न्हाय दादा. लहान जनावराचं लिव्हर लई घाईत असतंय. नुसत्या वजनावर हिशोब बसत न्हाय."

"व्हय, तुझ्या आईगत. वजनानं बारीक, पर घाई अख्ख्या घराला पुरंल."

*

आमचे गाइड सर मोठे विद्वान, पण सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडला घोरायला लागायचे. सारिका एकदा बोलता बोलता थांबली, तर डोळे मिटूनच म्हणाले, "थांबलीस का? पुढं चल." प्रयोगात तुलनेसाठी काही उंदरांना औषध देतच नाहीत, तो कंट्रोल ग्रुप. सर औषधाशिवाय झोपणारे, म्हणून आम्ही त्यांनाही कंट्रोल ग्रुप म्हणायचो.

*

शेवटच्या सेमिस्टरला मात्र सरांचं काय बिनसलं कुणास ठाऊक. डोळे लाल, बोलणं तिखट, आणि सेमिनारला चक्क जागे!

त्यातच सारिकाचे आकडे फिसकटले. वरच्या रांगेतले उंदीर लवकर उठायला लागले. खालच्या रांगेतले तेच औषध घेऊन निवांत पडलेले. हैदराबादच्या एका कंपनीत तिची नोकरी ठरली होती, पण थिसिस वेळेत गेला तरच. सर म्हणाले, "तुझा इंजेक्शनचा हात चुकतोय." ती पिंजऱ्यांमागं जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं, कारण तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

रडता रडताच ती म्हणाली, "इथं देवळात आल्यावानी वास कशाचा येतोय?"

वास वरच्या पिंजऱ्यांत अंथरलेल्या भुशाचा होता. तेवढ्यात सर आले. भुसा कुणी आणला असं आम्ही विचारलं, तर कौतुकानं म्हणाले, "मीच की. घरी देवदाराचं देवघर करून घेतलं. सुतार भुसा टाकून देत होता, म्हटलं लेकरांना मऊ लागेल. वरच्या रांगेपुरताच झाला."

आणि लगेच त्यांनी कपाळावर हात मारला. देवदाराच्या वासात राहणाऱ्या उंदराचं लिव्हर औषध झपाट्यानं संपवतं, हे आम्हाला शिकवलं होतं त्यांनीच, आणि परीक्षेत विचारलंही होतं!

सर स्वतःवरच हसत सुटले. सारिकाची माफी मागितली, बाह्या सरसावून पिंजरे घासले आणि साध्या भुशावर तिच्यासोबत बसून सगळं पुन्हा करून घेतलं. थिसिस वेळेत गेला.

*

व्हायवा पास झाल्यावर सरांनी दादांसकट आम्हाला जेवायला बोलावलं. दादांना भुशाचं प्रकरण सारिकानं वाटेतच सांगितलं होतं. सरांनी आधी हौसेनं देवघर दाखवलं. जागेच्या अडचणीमुळं ते बेडरूममध्येच, अगदी सरांच्या उशाशी. अख्खी खोली घमघमत होती.

काकू पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या, "देवघर सुरेख झालंय, पण ते आल्यापासून ह्यांचं काय झालंय कळत नाही. पूर्वी बसल्या जागी झोपायचे. आता डॉक्टरांची गोळी घेऊनही पहाटेच्या आत टक्क जागे."

सरांचा घास हातातच राहिला. सारिकानं माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं.

दादांनी शांतपणे पोळीवर तूप ओतून घेतलं. म्हणाले, "सर, तुमी वरच्या रांगेतले जी."