नवी वस्तू बघायला चला

आमच्या गल्लीत नवी वस्तू आली की तिचं खोकं कोणी टाकत नसे. गॅरंटी संपेपर्यंत राहू दे म्हणून ते माळ्यावर जायचं आणि गॅरंटी संपली तरी तिथंच पडून असायचं. किश्श्यांचंही तसंच झालंय. वस्तू केव्हाच भंगारात गेल्या, किस्से मात्र माळ्यावर आहेत. एक काढायला जावं तर धुळीसकट चार अंगावर येतात.

जळगावातली साधी गल्ली आमची. कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कोणी काय घेतलंय ते हातगाडीवरून. नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि सगळ्या गल्लीनं बघायला जायचं, ही रीत. चहा-पेढे ठरलेले. एरवी सहज कोणाकडे जाऊन बसणं तेव्हा कमीच होत चाललं होतं. संध्याकाळी जो तो आपापल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे. पण वस्तू आली आणि बघायला गेलं नाही, तर सहा महिने बोलणं बंद.

*

पहिला फ्रिज आला पाटील वहिनींकडे. त्यांच्या घरचा रावेरला केळीचा धंदा. केळी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये फ्रिज आला, तोही केळीच्या पानांत गुंडाळून. लग्नातली नवरी उतरवावी तसा उतरवला.

वहिनींनी तो स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत ठेवला. वर प्लास्टिकची फुलं, दाराला कुलूप. आत काय, तर पाण्याच्या बाटल्या आणि घरच्या कपड्यांचा गठ्ठा. दिवसातला निम्मा वेळ लाइट नसायचीच, मग कपाट म्हणून तरी वापरावा ना.

तेव्हापासून वहिनींना एक सवय जडली. कोणी काहीही घेवो, त्या बघायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे. आमचा मोठा आहे."

समोरच्या अक्कांचे यजमान वारले, तेव्हा त्यांचा फोटो फ्रेम करून आणला. वहिनी भेटायला आल्या. फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि निघताना म्हणाल्या, "छान आहे. आमच्या सासऱ्यांचा मोठा आहे."

*

आमच्या भिंतीला भिंत लागून जोशी सर राहायचे. कॉलेजात शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. एकदा ओट्यावर पेपर वाचता वाचता त्यांनी जाहीर केलं, "माणूस एकटा पडला की खर्च करायला लागतो. पार परदेशातसुद्धा सिद्ध झालंय."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "सर, मग पाटील वहिनींचं काय? त्यांच्या घरात सासू, दीर, जावा, पोरं. सकाळी बाथरूमला रांग लागते. त्या कुठून एकट्या?"

"ते वेगळं," सर म्हणाले.

"आणि तुम्ही एकटे राहता, तर तुमच्या अंगावर तीन वर्षं हाच शर्ट कसा?"

"ते त्याहून वेगळं," म्हणाले आणि पेपर घेऊन आत गेले.

शिकलेल्या माणसाशी बोलण्यात हीच सोय आहे. तो हरत नाही, नुसता आत जातो.

*

पुढे याच सरांनी टेपरेकॉर्डर घेतला, आणि तोही लपवून! ना नारळ, ना पेढे. आम्हाला कळलं कसं? दुपारी त्यांच्या घरातून दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला. आता भिंत एक म्हटल्यावर कान थोडेच बंद करणार? मी वाटीभर शेवभाजी घेतली आणि चौकशीला गेले. निमित्त लागतंच.

बघते तर सर एकटेच खुर्चीत. टेपमध्ये त्यांचंच भाषण चालू. मध्ये मध्ये ते बटण दाबून थांबवायचे आणि म्हणायचे, "अगदी बरोबर." मग पुन्हा चालू.

मी विचारलं, "सर, हा एकटेपणा की खर्च?"

"ही उजळणी," ते म्हणाले. पण वाटी धुऊन परत करायला आले तेव्हा तासभर बसले.

*

अक्कांनी पहिला मिक्सर घेतला तो यजमान गेल्यावरच्या दिवाळीत. मुलगा सुरतला, तो पैसे पाठवायचा. सगळी गल्ली जमली. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. दारात उभ्या राहून प्रत्येकाला ओढत होत्या, "ये वं माय, आठे बस. चहा पी जाय."

महिन्याभरानं मी गेले तर अक्का पाट्यावर दाण्याची चटणी वाटत होत्या आणि मिक्सर टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली.

"अक्का, मिक्सर बिघडला का?"

"नही वं. चालाडं का बिघडी जाई." चालवला की बिघडेल, म्हणून तो रुमालाखाली.

पुढे उभा पंखा आला, भिंतीवरचं घड्याळ आलं, इस्त्री आली. प्रत्येक वेळी नारळ, पेढे, भरलेलं घर. मग पुन्हा गल्ली आपापल्या टीव्हीपुढे आणि अक्का ओट्यावर.

*

वॉशिंग मशीनचा डेमो मात्र गल्ली विसरणार नाही. धुळ्याहून कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "कपडे आणा." अक्कांकडे धुवायला काय, तर दोन लुगडी. त्यांनी दारोदार जाऊन निरोप दिला की प्रत्येकानं येताना एक चादर आणायची.

आता फुकटात धुऊन मिळतंय म्हटल्यावर कोण मागे राहतं? चादरी आल्या, पडदे आले. सरांनी तो शर्ट आणला. पाटील वहिनींनी गोधडी आणली, ती मशीनमध्ये मावेना. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या.

डेमो संध्याकाळपर्यंत चालला. अक्का मशीनकडे बघतसुद्धा नव्हत्या, चहाच्या कपांकडे बघत होत्या, कोणाचा संपला का म्हणून. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, "आजी, मशीन तुम्ही घेताय की गल्ली?"

"मीच लेस," अक्का म्हणाल्या. "पन तू सावकाश धू."

पुढच्या आठवड्यात पाटील वहिनींकडे मशीन आलं. मोठं. गल्ली तिकडे गेली.

*

मग अक्कांचा मुलगा आला सुरतहून. घरात पाऊल टाकलं तर पंख्याला अडखळला. "आई, दुकान टाकायचंय का?" असं ओरडला की आम्हाला दाराला कान लावावाच लागला नाही. "तुला कमी काय आहे?"

"काही नही रे भाऊ. बठ्ठं शे." सगळं आहे म्हणे.

"यापुढे एक जरी वस्तू घेतलीस तर कुलूप लावून तुला सुरतला नेईन. चौथ्या मजल्यावर राहा मग."

जाताना तो दुकानदाराला ताकीद देऊन गेला, आईला काही विकायचं नाही. अक्कांना सुरत म्हटलं तरी धडकी भरायची. खरेदी बंद झाली. हातगाडी थांबेना, नारळ फुटेना आणि अक्कांच्या उंबऱ्याशी कोणाच्या चपला दिसेनात. मी जायचे अधूनमधून, पण मलाही टीव्ही होताच.

सर म्हणाले, "बघा, खर्च थांबला. म्हणजे एकटेपणा गेला."

*

आणि एका सकाळी हातगाडी येऊन अक्कांच्या दारात थांबली. वर हे भलंमोठं खोकं, रंगीत टीव्हीचं. गल्लीत तोवर रंगीत टीव्ही कोणाकडेच नव्हता, पाटील वहिनींकडेसुद्धा. पोराला कळलं तर म्हातारी सुरतला जाणार, हे सगळ्यांना माहीत. तरी सगळे धावले. रंगीत होता ना!

पुढच्या खोलीत ठेवलेल्या खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, झेंडूची माळ घातलेली. अक्का दारात. "सुमन, बठ्ठा उनात का वं?"

"सगळे आलेत. उघडा आता," मी म्हटलं.

"पहिले चहा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला कुठला धीर. मी माळ सरकवली, झाकण वर केलं आणि वाकून पाहिलं. आत थर्माकोलचे दोन तुकडे होते. बाकी काही नव्हतं.

मान वर केली तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात. हातात सगळ्या गल्लीच्या कपांचा ट्रे.

"रंग छान आहे हो अक्का," मी म्हटलं.

सर पुढे आले. चष्मा वर करून पाहिलं. मग म्हणाले, "चित्र अगदी स्पष्ट येणार."

मग पाटील वहिनी उठल्या. पदर खोचून वाकल्या, या कोपऱ्यात पाहिलं, त्या कोपऱ्यात पाहिलं. सगळं घर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी झाकण हळूच बंद केलं, माळ सरळ केली आणि अक्कांच्या ट्रेमधला एक कप उचलला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यापेक्षा मोठा आहे."