खाप्याचा दोनशे चौदा नंबर

देवराव गजभिये रोज खाप्याहून बसनं नागपूरला येत आणि खुर्चीत टेकल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर खाप्याचा दोनशे चौदा नंबर उघडून बघत. तीन वर्षांत या नेमात खंड पडला नव्हता. तो नंबर त्यांच्या मुलीचा, दामिनीचा. सिकलसेल या रक्ताच्या आजारानं ती एकोणिसाव्या वर्षी गेली. घरातले तिचे कपडेही वाटून झाले होते, पण इथे तिच्या साऱ्या तपासण्या तारखेनिशी जशाच्या तशा होत्या.

हा पसारा देवरावांनीच मांडलेला. दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागलेला हा माणूस पुस्तकं चाळून डेटाबेस शिकला. पारशिवनी, मौदा आणि खापा या दवाखान्याच्या तीन तपासणी केंद्रांसाठी त्यांनी तीन स्कीमा केले, म्हणजे एकाच घरातल्या तीन खोल्या. तिन्ही खोल्यांत टेबलांची नावं तीच, 'रुग्ण' आणि 'तपासणी', आणि प्रत्येक खोलीत रुग्णांचे नंबर एकपासून सुरू. तेव्हाच्या इंजिनीअर कामिनी मॅडमनी बजावलं होतं, "देवरावजी, प्रत्येक ओळीत केंद्राचं नाव लिहा. उद्या दुसऱ्या डेटाबेसवर जावं लागलं, तर या खोल्या तिकडे मिळतीलच असं नाही."

देवराव हसले होते. "आपल्याले कुठी जाचं हाय, मॅडम?"

फुकट मिळालेल्या शहाणपणाची कदर कोण करतो! चौदा वर्षांनी दवाखान्यानं डेटाबेस बदलला आणि नव्यात तशा खोल्यांची सोयच नव्हती. काम घेतलेल्या रोशननं टेबलांच्या नावांपुढून केंद्रांची नावं काढली आणि चाचणीसाठी सगळं एकत्र ओतलं. "पाहून घ्या, काकाजी. शुक्रवारपासून हेच सुरू करून राहिलो."

देवरावांनी सवयीनं दोनशे चौदा टाकला.

दामिनी देवराव गजभिये. शेवटची तपासणी, गेला मंगळवार. हिमोग्लोबिन नऊ. स्थिती, उपचार चालू.

काय झालं ते त्यांना मिनिटभरात कळलं. पाकिटावर गावाचं नावच नसलं, तर पोस्टमन नुसत्या घर नंबरावर काय करील? खाप्याची यादी आधी शिरली, म्हणून नाव दामिनीचं राहिलं. पारशिवनीची यादी दोनशेपर्यंतही पोचत नव्हती. खाली तपासण्या मात्र मौद्याच्या दोनशे चौदा नंबरच्या, मेघा नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्याही येऊन चिकटल्या, आणि स्थिती शेवटच्या तपासणीवरून लागते, म्हणून तीही मेघाचीच. सगळं उमगलं, तरी स्क्रीन बंद करवेना. शेवटच्या वर्षात दामिनीला नऊ हिमोग्लोबिन एकदाही लाभलं नव्हतं. बायकोला, प्रेमलताला फोन करावा, पोरगी मंगळवारी येऊन गेली म्हणून सांगावं, असंही मनात आलं. वेड्या मनाला कोण आवरणार? ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मग मेघा आठवली. ती जिवंत होती, तिला रक्त लागणार होतं, आणि नंबर टाकला की डॉक्टरांसमोर दामिनीचा रक्तगट येणार होता.

"रोशन, थांबव गा हे. तुह्यी चूक नाही, माह्यी हाय."

तीन आठवडे दोघं खपले. तिन्ही केंद्रांचं एकच टेबल केलं, प्रत्येक ओळीत केंद्राचं नाव घातलं, प्रत्येक रुग्णाला नवा नंबर दिला. आता हे कुठल्याही डेटाबेसात हलवलं तरी कुणाचं आयुष्य कुणाला चिकटणार नव्हतं. शेवटी एकेक ओळ डोळ्यांनी वाचून 'बरोबर' हे बटण दाबायचं होतं. रोशनला एव्हाना दामिनीबद्दल कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "काकाजी, खापा मी पाहतो."

"नाही गा. तिले ओळखणारा इथं मीच हाय."

दामिनीची ओळ दुपारी आली. नाव, वय, गाव, रक्तगट, साऱ्या तारखा जागच्या जागी होत्या. नऊ हिमोग्लोबिन गेलं होतं. अखेरच्या रकान्यात लिहिलं होतं, मृत. देवरावांनी ती ओळ दोनदा वाचली. एकही चूक नव्हती. खाली विचारलं होतं, माहिती बरोबर आहे का?

बापानं 'बरोबर' दाबलं.