ज्या दिवशी तारीख भरायची नव्हती

परभणीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. दोन खोल्या, तीन मशीन, एक प्रिंटर आणि खिडकीत कूलर. धूळ आत येऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. खालच्या दवाखान्यातले पेशंट कधी चुकून वर येत, चपलांची रांग बघून मुकाट्यानं आपल्याही काढत आणि आत येऊन विचारत, "डॉक्टरसाहेब कुठं बसतात?"

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. विज्ञानाची पदवी आणि वर्षभराचा कोर्स एवढ्यावर मला तिथं प्रोग्राम लिहिण्याची नोकरी मिळाली होती. ताडकळसजवळच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ते केंद्र चालवणाऱ्या सरांनी मला माझं गाव विचारलं, मार्क विचारले आणि "उद्यापासून या" म्हणाले. त्या दोन शब्दांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

आम्ही काम करणारे दोघंच. माझा सहकारी माझ्याहून चार वर्षांनी मोठा, परभणीतच वाढलेला. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला गुरुजी म्हणायचा, आणि त्यात आदर अजिबात नव्हता.

लाईट गेली की वर्तमानपत्र वाचायचं, हा आमचा शिरस्ता. दिवसातून दोन-तीनदा तरी लाईट जायचीच. मग आम्ही खुर्च्या दारात ओढायचो आणि मुंबईचं एक दिवस शिळं वर्तमानपत्र उघडायचो. विज्ञानाच्या बातम्या मी मोठ्यानं वाचायच्या आणि दादानं त्यावर निकाल द्यायचा.

"यंत्राला लवकरच माणसाचं बोललेलं कळणार म्हणे," मी वाचायचो.

"ताडकळसचं बोललेलं पुण्याच्या माणसाला कळंना, यंत्राला कुठून कळायलंय?"

"कचेऱ्यांमधून कागद हद्दपार होणार."

"होऊ दे की. आपल्या प्रिंटरची रिबन वाळलीय. कागद कोराच निघायलाय."

"संगणक माणसापेक्षा हुशार होणार."

"आधी त्याला म्हणावं, लाईट कवा येणार ते सांग."

सर आतल्या खोलीतून हसायचे. जगातल्या मोठ्या मोठ्या बातम्या आमच्यापर्यंत अशा दारातल्या उजेडात पोचायच्या आणि तिथंच थोड्या लहान होऊन जायच्या.

पण फेब्रुवारीच्या शेवटी एक बातमी आली, ती लहान होईना. संगणकांत शिरणारा एक विषाणू म्हणे जगभर पसरला होता. परदेशातल्या कुणा जुन्या चित्रकाराच्या वाढदिवशी, म्हणजे मार्चमधल्या एका शुक्रवारी, तो जागा होणार आणि मशीनमधलं सगळं पुसून टाकणार. तो फ्लॉपीतून एका मशीनमधून दुसऱ्यात जातो, असंही लिहिलं होतं.

सरांनी बातमी दोनदा वाचली आणि त्याच दिवशी सगळ्या फ्लॉप्या गोळा करून लोखंडी कपाटात ठेवल्या. कुलूप लावलं.

"सर, डांबराच्या गोळ्या टाकू का आत?" दादानं विचारलं.

"थट्टा पुरे. शुक्रवार जाईपर्यंत कुणी फ्लॉपीला हात लावायचा नाही."

आज हे वाचून कुणालाही कळेल की आम्ही काय करून बसलो होतो. कामाची दुसरी प्रत आम्ही फ्लॉपीवरच ठेवायचो. फ्लॉप्या कपाटात गेल्या आणि प्रत काढणं बंद झालं. विषाणूच्या भीतीनं आम्ही मशीनमधली शेवटची आठ दिवसांची मेहनत अगदी उघड्यावर ठेवली होती.

आणि ती मेहनत साधी नव्हती. जिल्ह्यात बाहेरून बी.ए.ला बसणाऱ्या परीक्षार्थींची यादी आम्ही तयार करत होतो. नाव, विषय, केंद्र. फॉर्मचे गठ्ठे जसे भरून होत तसे महाविद्यालयांकडे परत जात. छापलेली यादी शनिवारी सकाळच्या बसनं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पोचवायची होती. यादीत नाव नाही तर हॉलतिकीट नाही, आणि हॉलतिकीट नाही तर त्या वर्षी परीक्षा नाही.

त्या यादीत पाथरी केंद्रावर माझ्या आक्काचं नाव होतं. बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. मार्क तिला माझ्यापेक्षा जास्त होते. दोन मुलं शाळेत जाऊ लागल्यावर तिनं सासूबाईंना कसंबसं राजी केलं होतं. "एक डाव बसून बघ," सासूबाई म्हणाल्या होत्या. एकच. पुढच्या वर्षी त्या पुन्हा हो म्हणतील अशी आक्काला खात्री नव्हती. तिचा फॉर्म मीच टाइप केला होता, त्याच आठ दिवसांत.

गुरुवारी संध्याकाळी सर म्हणाले, "उद्या मशीन बंदच ठेवू."

"अन् यादी? हातानं लिहायची काय सर?" दादा म्हणाला. मग तो मशीनकडे बघत राहिला आणि हसला. "सर, आपल्या मशीनला साल तरी कुठं माहीत हाय? ते रोज ऐंशी सालात उठतंय."

ते खरं होतं. यादी ज्यात होती त्या आमच्या जुन्या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं. चालू केलं की ते आधी तारीख विचारायचं. काही न भरता बटण दाबलं की ते १ जानेवारी १९८० धरून कामाला लागायचं. दादा नेहमी तसंच करायचा. मी मात्र दर वेळी खरी तारीख भरायचो. आमच्या शाळेत वहीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख नसली तर गुरुजी वही तपासत नसत, न वाचताच परत फेकत. ती सवय माझ्या बोटांत बसली होती. दादानं मला गुरुजी म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच.

सरांना युक्ती पटली. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनला चिकटवलं, "आज तारीख भरू नये."

शुक्रवारी सकाळी दादानं मशीन चालू केलं, नुसतं बटण दाबलं, आणि छपाई सुरू झाली. गंगाखेड संपलं. लाईट गेली, आली. पुन्हा नुसतं बटण. जिंतूर संपलं, परभणी अर्धं झालं. पुन्हा लाईट गेली. आली तेव्हा दादा खाली चहा सांगायला गेला होता. मी खुर्चीत बसलो, मशीननं तारीख विचारली आणि मी ती भरली. दिवस, महिना, साल. बटण दाबलं. मग माझी नजर वर चिकटवलेल्या कागदावर गेली.

मी खुर्ची मागं सारून उठलो. दादा चहा घेऊन आला तो माझ्याकडे बघून थांबला.

"काय झालं?"

"दादा, मी तारीख टाकली."

"कोणती?"

"आजची."

त्यानं ग्लास खाली ठेवले. "गुरुजी, समदं जग आज तारखेपासून पळायलंय, अन् तुमी तिला बोलावून पाट मांडला?" मग ओरडला, "बंद कर, बंद कर!"

"बंद करू नका!" सर आतून धावत आले. "बंद करून चालू केलं तर पुन्हा काय होईल कुणास ठाऊक. आहे ते चालू द्या. छापा. जेवढं निघेल तेवढं निघेल."

मी सरांना सांगायला गेलो, "सर, चूक माझी..."

"ते नंतर. कागद सरळ आहे का बघा."

प्रिंटर पुन्हा करकरू लागला. परभणी पूर्ण झालं. मग पाथरी. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं होती आणि आक्काच्या सासरचं आडनाव अगदी शेवटी येत होतं. एकेक ओळ सरकत होती. लाईट पुन्हा जाऊ नये म्हणून मी कूलर बंद केला. त्याचा लाईटशी काही संबंध नाही, हे मला त्या वेळीही माहीत होतं. दादानंही मला अडवलं नाही. तो कागदाच्या कडेला गुडघ्यावर बसून नावं वाचत होता.

"गुरुजी," तो एकदम म्हणाला, "या. आक्का आल्या बघा."

मी वाकून बघितलं. नाव, तीन विषय, केंद्र पाथरी. शाई फिकट होती, पण वाचता येत होतं. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. नंतर पूर्णा आणि सेलूही निघालं. मशीन चालूच राहिलं, काहीही पुसलं गेलं नाही.

काही पानांवर १९८० ची आणि काहींवर खरी तारीख पडली होती. सरांनी प्रत्येक पानावर लाल पेननं तारीख दुरुस्त करून सही केली. शनिवारी ते स्वतः बसनं यादी घेऊन गेले आणि पोच घेऊनच परतले. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. फक्त सोमवारी सकाळी कपाट उघडून फ्लॉप्या माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "रोज दोन प्रती काढायच्या. भीती असेल त्या दिवशी तीन."

पुढच्या आठवड्यात औरंगाबादहून मशीन तपासणारे गृहस्थ आले. त्यांनी आपली फ्लॉपी घातली, पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आहे की. तुमच्या मशीनमध्ये तो विषाणू आहे."

आम्ही तिघंही उभे राहिलो.

"मग शुक्रवारी काही झालं कसं नाही?" सरांनी विचारलं.

"तो मशीन चालू होतानाच मशीनच्या घड्याळाकडे बघतो. तुमच्या मशीनला घड्याळच नाही. तुम्ही तारीख भरेपर्यंत त्याचं बघून झालेलं असतं."

म्हणजे माझ्या तारखेनं काहीच बिघडलं नव्हतं. मला एकदम भूक लागली. दादा मात्र वेगळ्याच विचारात होता. "नवीन मशीन घेतलं असतं तर आपण मेलो असतो," तो म्हणाला.

त्या रविवारी मी एस.टी.नं पाथरीला गेलो. हॉलतिकीट यायला अजून वेळ होता, पण यादी पोचल्याचं सांगायचं होतं. आक्का ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून शेंगा सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. विषाणू, तारीख, ऐंशी साल. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमच्या मशीनला चालू साल कोणतं ते कळत न्हाई," ती म्हणाली, "अन् नाव माझं त्याच्या भरवशावर?"

"हो."

"अन् म्हणून वाचलं?"

"हो, म्हणूनच."

ती खूप हसली. इतकी की आतून सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. "काही न्हाई आत्याबाई," आक्का म्हणाली, "परीक्षेला बसायचं पक्कं झालं." मग शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवून तिनं पुस्तक हातात घेतलं. "तू सोल आता. माझे दोन धडे राहिलेत."

मी सोलत बसलो.