दादींचं सामान

आमच्या शेजारच्या दादी, कुणाची बॅग भरून झाली की आधी ती एका हाताने उचलून बघत. तशाच क्षणभर उभ्या राहत. मग खाली ठेवून म्हणत, "आधा निकाल."

सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत एकट्याच आलेल्या. बराकीत त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये तेव्हा भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. माझे यजमान शहाडला कारखान्यात. मी छावणीतल्या शाळेत मराठी शिकवायची, दादी शिवण.

मे महिन्यात कोकणात सासरी जायचं म्हटलं की मला नकोसं व्हायचं. कल्याणहून मुंबई, तिथून बोट, पुढे बैलगाडी. दोन लहान मुलं, आणि सासूबाईंनी मागवलेल्या वस्तू वेगळ्याच. सुट्टी जणू दमण्यासाठीच लागायची.

आदल्या दिवशी दुपारी दादी यायच्या आणि मी कशीबशी बांधलेली वळकटी सोडून टाकायच्या.

"ये पातेला कशाला? तुझ्या गावाला चूल नाही?"

"आहे हो. पण लागलं तर..."

"लागला तर शेजारी मागायचा."

लुगड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, बुटांच्या पोटात मोजे, पेल्यात वाटी, वाटीत मुलांची औषधं. बोटीवर लागणारं सगळं वरती : पंचा, लिंबं, दशम्या. त्यांनी भरलेली बॅग माझ्या एका हातात मावायची, दुसऱ्या हाताने मूल धरता यायचं. हलत्या बोटीत मुलांना घेऊन तुम्ही कधी चढला असाल, तर त्या मोकळ्या हाताचं मोल तुम्हाला सांगायला नको.

स्वतः दादी मात्र कुठेच जात नसत. मग एका वर्षी अजमेरहून निरोप आला. फाळणीत ताटातूट झालेली धाकटी बहीण तिथे होती. तिच्या मुलीचं लग्न होतं.

"आज तुमची बॅग मी भरणार," म्हणत मी पडदा सारला, तर आख्खी खोली बांधून ठेवलेली. स्टोव्ह, पोळपाट, शिवणाचं मशीन. पाण्याचा माठसुद्धा.

"अहो दादी, शाळा उघडायच्या आत परत येणार ना तुम्ही?"

त्या गाठोड्यावर बसल्या. "सिंधमधून निघाली, तवा पण हेच बोलली होती. पडोसनला चावी दिली. बोलली, आठ दिन में आती हूं. पीठ मळून ठेवलेला होता."

थट्टा करायची म्हणून मी आले होते. सुतळी घेतली आणि माठाला गवत लावून तो नीट बांधून दिला.

कल्याण स्टेशनवर एकेक बोचकं आत ढकलताना डब्यातला एक माणूस वैतागला. "पूरा घर लाई है क्या?"

"हां, पूरा," दादी म्हणाल्या.

जूनमध्ये त्या परतल्या, तर हातात फक्त एक पिशवी.

"सामान कुठाय?"

"बहिणीकडे. तिथे पण माझा एक कोपरा पाहिजे ना?" दमल्या होत्या, पण चेहरा हलका वाटत होता. माझ्याच घरून दोन पातेली मागून नेऊन त्यांनी पुन्हा संसार मांडला.

पुढे दर सुट्टीत त्या अजमेरला जाऊ लागल्या. आता मधे भिंत झाली होती, दाराला कुलूप आलं होतं. पहिल्यांदा मला चावी देताना त्यांची मूठ लवकर उघडेना. नंतरनंतर जाता जाता सहज देऊ लागल्या.

अशाच एका मे महिन्यात तिथे त्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या आणि बहिणीच्या घरीच वारल्या.

खोली रिकामी करायला मीच दार उघडलं. दोरीवर ओढणी वाळत घातलेली होती. खिडकीत, उन्हाच्या तिरिपीत, एक बरणी होती. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून त्यांनी कैरीचं लोणचं मुरायला ठेवलं होतं.