बांड्याला काढा, तुफानला आणा

हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत थांबून हसा. हा किस्सा सांगायला बसलो की लोक अर्ध्यातच पोट धरतात, आणि माझी खरी फजिती त्याच्या पुढं आहे. ती झाली तेव्हा माझं तोंड जे उघडं पडलं, ते मिटायला घरी जावं लागलं.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती वर्षं. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे. कोण कुणाशी लढत होतं, आम्हाला काय ठाऊक? ते लढतायत तोवर आमच्या बोंडाला विलायतेत मागणी आहे, एवढंच ठाऊक. मग काय, मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात एकेकाच्या अंगात काय संचारेल याचा नेम नव्हता. शेजाऱ्यानं गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली, आणि चोरीला जाईल म्हणून ते चाक उशाशी घेऊन झोपायला लागला. पण सगळ्या गावाला मिळून वेड एकच होतं, शंकरपटाचं. दोन बैलजोड्या, दोन हलक्या छकड्या, शेजारी शेजारी दोन वाटा, आणि सुटल्या की डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळ खलास.

पट पळायचा हिवाळ्यात. पण आम्ही तो वर्षभर खेळायचो. पावसाळ्यात डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, थांबली की सगळं गाव पारावर. यंदा कोणता बैल ठेवायचा, कोणता काढायचा, कुठून नवा आणायचा, डावीकडं कोण, उजवीकडं कोण, छकडी हाकायची कुणी. हिवाळ्यात जेवढा वेळ बैल पळायचे, त्याच्या हजारपट वेळ आम्ही बोलायचो. आणि सगळ्यांत जास्त कोण बोलायचं? हाच सखाराम. झोपेतसुद्धा मी बैलांवर बोलतो, असं आमची मंडळी सांगते.

त्या वर्षी आम्ही हरलो होतो, तेही माझ्या सासुरवाडीकडून. आता सांगा, जावयानं काय करावं? गावाच्या जोडीत बैल दोन, बांड्या आणि कवड्या. मी पारावर उभाच राहिलो.

"बांड्या बुढा झाला. त्याले काढा."

"काढा म्हंजे?" दौलत म्हणाला. गावाची छकडी तोच हाकायचा. "किती पट जितून देल्ले त्यानं. इसरला काय?"

"जितले ना. म्हनून काय आता पालखीत बसवतं त्याले?"

"बांड्याले उजवीकडं घ्या, कवड्याले डावीकडं," तुकाकाका म्हणाले. तुकाकाकांचं हे एकच औषध होतं. घरात सासू-सुनेचं वाजलं तेव्हाही त्यांनी दोघींना चुलीपाशी जागा बदलायला लावली होती.

"मी म्हनतो दोनी बैल ठेवा अन हाकनारा बदला," मागून कुणीतरी पुटपुटलं. दौलत त्याच्याकडे निघाला, तेव्हा चौघांनी धरून त्याला खाली बसवला.

मग पाटलांनी घसा साफ केला. गावचे पाटील म्हणजे बोलणार थोडं, पण बोलले की संपलं.

"सखाराम, काढनं सोपं हाये. आनते कोन?"

"मी आनतो."

"आन मंग. पन हरलो त पुढचा पावसाळाभर तू पारावर यायचं, बसायचं, ऐकायचं. बैलावर एक अक्षर बोलायचं नाई."

पारावर असा हशा पिकला की निंबावरचे कावळे उडाले. पावसाळाभर गप्प? याच्यापेक्षा पाटलांनी माझं पाणी तोडलं असतं तरी चाललं असतं. पण सगळ्यांसमोर मागं कसं सरायचं? मी म्हटलं, "कबूल."

दिवाळीनंतर कापूस घेऊन अकोल्याला गेलो. आगगाडी आमच्याकडे यायची होती अजून, सगळा माल बैलगाड्यांवर. एकामागं एक गाड्यांची रांग, डोळ्याला शेवट दिसत नव्हता. माल घालून परत निघालो, तर माझ्यापुढं एक रिकामी गाडी चालली होती. बाळापूरकडचा गाडीवान, आमच्या भागात कापूस भरायला निघालेला, जोडीतला एक बैल साधा आणि एक पांढराशुभ्र, चांगला उंचापुरा. तेवढ्यात मागून एका दलालाची घोडागाडी भरधाव आली आणि आम्हाला मागं टाकून पुढं गेली.

तो पांढरा बैल जो सुटला म्हणता! गाडी, गाडीवान, बिचारा दुसरा बैल, सगळ्यांना फरफटत तो त्या घोड्यामागं लागला. माझ्या डोळ्यांपुढं नुसती धूळ. मी आपला मागून हाकत नाल्यापर्यंत पोचलो आणि पाहतो तर काय, घोडागाडी थांबलेली, दलाल पांढराफटक, आणि बैलानं त्या गाडीच्या पाठीवर हनुवटी टेकवलेली. श्वाससुद्धा चढला नव्हता त्याला. घोड्याच्या बरोबरीनं पळणारा बैल मी जन्मात पाहिला नव्हता.

"इकतं काय?" मी विचारलं.

"इकतो," गाडीवान म्हणाला. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधी म्हणाला. पण माणूस सज्जन. "मालक, खोटं नाई सांगत. बैल लय गरीब हाये. जल्मभर रांगेत चालला. समोरच्याची पाठ सोडनार नाई, पन समोरच्याच्या पुढंबी जानार नाई."

पहिलं अर्धं मी कान देऊन ऐकलं. दुसऱ्या अर्ध्याला मी त्यालाच समजावलं, की बाबा, तो तुझ्या हाकण्यातला दोष आहे. गाडीवानानं बैलाचं नाव ठेवलं होतं गरिबा. गावची शीव येईपर्यंत मी ते बदलून तुफान केलं.

आणि बांड्या? माझा साळा शामराव कसा कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "जवाईबापू, तुमचा बुढा बैल आमाले द्या. वखराले कामी येईन." मी पाटलांना सांगून देऊनही टाकला. बांड्या दारातून जाताना बायको म्हणाली, "मले त त्याचे पाय अजून जवान दिसतात." मी म्हटलं, तू भाकऱ्या थाप.

मग गावात तालीम सुरू झाली. पाटलांची घोडी पुढं वाट दाखवायला, मागं छकडीला कवड्या आणि तुफान. मारोतीच्या देवळापासून नाल्यापर्यंत पाटील घोडी पिटाळायचे, आणि मागं वळून पाहिलं की तुफानाची शिंगं घोडीच्या शेपटीला. एकदा तर पाटील उतरले ते हात जोडूनच. "बाप्पा बाप्पा, हा बैल हाय का भूत हाय?"

आता तुम्ही विचाराल, हा घोडीच्या पुढं कधी गेला का? कुणीच विचारलं नाही हो. घोडीच्या पुढं बैल जातो का कधी? मागं टिकतो यातच आम्ही धन्य. दौलतसुद्धा विरघळला, आणि पारावर माझं बोलणं असं वाढलं की शेवटी शेवटी कवड्यालाही काढा म्हणायला लागलो.

पट होता नांदगाव खंडेश्वरच्या अंगाला, एका माळावर. माणूस असं लोटलं होतं की पाय ठेवायला जागा नाही. वाटेच्या शेवटाला एक मोठी बाभूळ, तिच्याखाली सासुरवाडीच्या गाड्या सोडलेल्या. सासूबाई, मेहुण्या, माझी बायको, भाकरी-पिठल्याच्या टोपल्या, ठेच्याचं गाडगं, सगळा गोतावळा तिथं.

जोड्या लागल्या. आमची जोडी सासुरवाडीच्या जोडीशी. मी मिशीवर हात फिरवत त्यांची जोडी पाहायला गेलो आणि हात मिशीवरच राहिला. डावीकडं बांड्या उभा. अंग तुकतुकीत, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ.

"हा त वखराले नेला होता ना?" मी विचारलं.

"नेला होता," शामराव म्हणाला. "पन वखरापुढं असा पयाला लागला का म्हनलं, पाहू तरी."

तरी मनाला म्हटलं, अरे, आपल्याकडं घोड्याला न सोडणारा बैल आहे.

सुटले.

बांड्याची जोडी एक पाऊल आधी निघाली. तेवढं एक पाऊल पुरलं. तुफानानं मान वळवून पाहिलं, आपली वाट सोडली, आणि तिरका जाऊन शेजारच्या वाटेत बांड्याच्या छकडीमागं लागला. काय पळाला! छकडीत आणि त्याच्या नाकात वीतभर अंतर नाही. अख्खा माळ ओरडत होता. मीही ओरडत होतो, "काढ, दौलत, बाजूनं काढ." दौलत कासरा ओढतोय, कवड्या जीव तोडतोय, तुफान समोरच्या छकडीकडं असा पाहतोय जसा पोरगा बापाचं बोट धरून जत्रेला निघालाय. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाडीवानाचं दुसरं अर्धं.

पण कहर पुढंच होता. अर्ध्या वाटेवर बांड्याला शेण टाकायची इच्छा झाली. म्हातारा जीव, तो थांबला. आणि मागं तुफानही थांबला. कुणी हाकलं तरी हलेना. शांतपणे रवंथ करायला लागला. शंकरपटात, भर वाटेत, रवंथ.

मला पारावरचा तो पावसाळा डोळ्यांपुढं दिसला. गच्च भरलेला पार, आणि मी तोंडाला कुलूप लावून कोपऱ्यात. मग माझा मी राहिलो नाही. याला पुढं कुणी लागतं ना? मी उपरणं कमरेला बांधलं, धावत वाटेत शिरलो, तुफानाच्या नाकासमोर गेलो, पाठ केली आणि पळायला लागलो.

आला की हो माझ्या मागं. बांड्याला वळसा घालून, छकडी, दौलत, कवड्या सगळ्यांना घेऊन आला. माळावर जो गलका उठला तो अमरावतीत ऐकू गेला असेल. आम्ही पुढं निघालो होतो. जिंकत होतो! रेघ समोर दिसत होती. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. घोडी पळते तेवढं मला पळता येत नाही, आणि मागं जो येतोय तो माझी पाठ सोडणार नाही.

मानेवर गरम श्वास लागला. धोतराचा सोगा सुटला. आणि जिवाच्या भीतीनं माणूस कुठं पळतो? आपल्या माणसांकडं. रेघ हाताच्या अंतरावर असताना मी वाट सोडली आणि बाभळीकडं वळलो. तुफानही वळला.

मेहुण्या किंचाळत पांगल्या, पिठल्याची टोपली छकडीखाली गेली, ठेच्याचं गाडगं दौलतच्या डोक्यावर फुटलं. मी बाभळीवर. काटे कुठं कुठं लागले ते विचारू नका. आणि तुफान? खोडाशी येऊन थांबला, मान वर करून माझ्याकडं पाहत उभा राहिला, पुढची गाडी कधी निघते म्हणून. तिकडं बांड्या आपलं आटोपून रमतगमत रेघेपार गेला.

सासरे बाभळीखाली आले. मला वाटलं आता शिव्या देतील. ते हात जोडून म्हणाले, "जवाईबापू, जेवायच्या आधी उतरान ना?"

हसलात? म्हटलं होतं ना, खरी फजिती पुढं आहे.

पाऊस लागला. पार भरला. मी ठरल्याप्रमाणं गेलो, बसलो, तोंड मिटलं. पाटलांनी विषय काढला.

"तुफान पयते, हे सगळ्यायनं पाह्यलं. फकस्त त्याच्या समोर कोनी पायजे."

"सखाराम हाये ना," दौलत म्हणाला.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आजवर मी बैलांकडं पाहायचो, तशा.

"सुटते बरा," एक जण म्हणाला. "पन दम नाई."

"वजन लय हाये."

"सरळ पयत नाई. बाभूळ दिसली का तिकडं वळते."

तुकाकाका उठले, माझ्या पोटरीवरून हात फिरवला, जरा दाबून पाहिली. "डाव्या बाजूनं पयवून पाहा."

"वय किती असन त्याचं?" मागून कुणीतरी विचारलं. माझं वय, माझ्यासमोर, मला सोडून सगळ्यांना विचारलं. एकानं तर मूर्तिजापूरच्या एका डाकवाल्याचं नाव काढलं, सडपातळ आहे, रोज कोसच्या कोस धावतो, त्याला आणू. मला बोलायचं होतं. दम वाढवता येतो म्हणायचं होतं, माळावर शेवटी मीच पुढं होतो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं की पाटील बोट वर करायचे, आणि मी मिटायचो. अहो, माझाच निवाडा चालला होता, आणि त्यावर एक अक्षर बोलायची मला मुभा नव्हती.

दुपारपर्यंत चर्चा झाली. मग पाटलांनी घसा साफ केला.

तुफानाला ठेवलं. मला काढलं.