नळाच्या दिवशी नाचणारी ज्योत

गॅसच्या पाइपलाइनीत माझी अर्धी हयात गेली. शेगडीची ज्योत पाहून मागं काय बिघडलंय ते मी उभ्या उभ्या सांगतो. बढाई न्हाई, खरंच सांगतो. तरी नवीन जालन्यातल्या एका मेसवाल्या मावशींनी माझी चांगलीच जिरवली.

त्यांनी सिलिंडर परत करून पाइपाचा गॅस घेतला होता. वीसेक माणसं दोन्ही वेळा त्यांच्याकडं जेवायची. महिन्याभरात शेगडी बिघडली. ज्योत पिवळी पडायची, नाचायची, फट् करून विझायची. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ज्योत निळीशार. बर्नर घासा म्हटलं नि निघालो. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी असं होतं. त्यांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा. मी चक्क हसलो. म्हटलं मावशी, पाणी वेगळं, गॅस वेगळा, बर्नरच बघा.

"नळ कवा येतो ते बर्नरला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "मी येत्या सोमवारपासून मेस बंद करून राह्यले. लोकं कच्च्या भाकरी किती दिवस खातील?"

हे मात्र लागलं. शनिवारी नळाचा दिवस होता. सकाळीच जाऊन बसलो. पाणी सुटलं आणि थोड्या वेळात ज्योत नाचायला लागली. गॅस बंद करून भिंतीवरचा पाइप खोलला, तर तांब्याभर पाणी पडलं. मंग फाटकापाशी, जिथं नळाची नि गॅसची लाइन शेजारून जाते, तिथं खोदलं. नळाची जोडणी गळत होती आणि तिच्या चिळकांडीनं, वाळू मारून मारून, आमच्या पिवळ्या पाइपाला भोक पाडलं होतं. घरापाशी गॅसचा दाब अगदी कमी असतो. नळाला जोर जास्त, पाणी सरळ आत. बाकीचे दिवस त्याच भोकातून गॅस मातीत जात होता, आणि वास सगळ्यांनी गटारीच्या नावावर खपवला होता.

नळाची गळती बंद करून घेतली, पाइपाचा तुकडा बदलला, हवा मारून लाइन कोरडी केली. दुपारी शेगडी पेटवली. ज्योत ताठ उभी.

मावशींनी मला चहा दिला, समोर बसवलं आणि मेसच्या एकेका माणसाला फोन लावला. "सोमवारी या जेवायला. मी म्हनत व्हते तेच निघालं. गॅसवाले साहेब इथंच बसलेत, इचारा."

असे वीस फोन. उठून जायला मला तोंड नव्हतं. प्रत्येक फोनला मी मान डोलवत राहिलो, शेवटच्यापर्यंत.