कातडी कुठंय?

कडूबाईच्या दुकानात फोनचं कुलूप उघडायची वेळ आली की ती आपलं फिरतं स्टूल गर्रकन भिंतीकडे वळवायची. हातातला चिमटा खाली ठेवायची, पदर सारखा करायची आणि पाठमोरी बसून राहायची. गिऱ्हाईक आकडा दाबायला वेळ लावू लागलं की तिकडूनच आवाज यायचा, "झालं का? का मी भिंतीचे पोपडे मोजत बसू?" एखादा भिडस्त माणूस म्हणायचा, "अहो बाई, आकडा सांगतो ना, तुम्हीच उघडा." ती वळायचीसुद्धा नाही. "घराची किल्ली कुणाच्याबी हातात देता का? नाय ना? मंग दाबा सोताच्या बोटानं."

गुलमंडीत एका बांगडीवाल्याचा अर्धा गाळा तिने भाड्याने घेतला होता. डाव्या हाताला बांगड्यांचे हारे, उजव्या हाताला पोट उघडं पडलेले फोन. माझं कापडाचं दुकान त्याच गल्लीत, त्यामुळे तिचं बोलणं फुकटात ऐकायला मिळायचं. "फोन ठेवून जातो, संध्याकाळी नेतो" असं कुणी म्हटलं की ती फोन काचेवरून परत सरकवायची. मालकाने समोर बसलं पाहिजे, फोन तिच्या हातात आणि नजर मालकाची, हा तिचा कायदा. काम संपलं की नव्या पडद्याच्या फोनसोबत फुटलेला जुना पडदा कागदाच्या पुडीत बांधून द्यायची. "हे काय करू मी?" असं लोक विचारायचे. "फेका, न्हाईतर पुजा करा. तुमचं हाय ते."

पुडीची ही सवय तिच्या बापाकडून आली होती. अजिंठ्याच्या डोंगराकडचं गाव तिचं, बाप दुसऱ्यांची मेंढरं राखायचा. लांडग्याने मेंढरू नेलं, रोगाने मेलं, तर मालकाला नुसतं "मेलं" म्हणून चालत नसे. कातडी आणून टाकावी लागायची, कातडी नाही मिळाली तर निदान कान. "नायतर मालक म्हणणार, इकून खाल्लं," कडूबाई सांगायची. "माझा बाप कातडी खांद्यावर टाकून दोन गावं चालत जायचा, पण कुणाच्या तोंडून चोर म्हणून घेतलं नाय त्यानं." मोबाइल दुरुस्तीचा कोर्स तिने शहरात केला, पण धंद्याची रीत डोंगरातूनच आणली. विनय मात्र आणला नाही. "ह्या गल्लीत माझ्यावानी हात कुणाचा हाय?" असं ती शेजारच्या दुरुस्तीवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायची.

आमची पहिली भेट भांडणाचीच. मी सोयगावचा. गुलमंडीत कापडाच्या गाठी पाठीवर वाहिल्या तेव्हा कुठे या गल्लीत गादीवर बसायला मिळालं. सांगितलेल्या भावात मी मिठाची पुडीसुद्धा घेत नाही. तेव्हा चार्जिंगची जागा बदलायला गेलो आणि सवयीप्रमाणे म्हणालो, "शेजारचा दुकानदार आहे, जरा बघून घ्या." तिने माझा फोन काचेवरून परत सरकवला.

"दर पाटीवर लिव्हलाय, शेठ. वाचता येत न्हाय का?"

"येतं. म्हणून तर जास्त वाटतो."

"मंग कमी वाटंल तिथं जावा."

मी गेलो. त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांकडे न बघता एकाच चहावाल्याचा चहा पीत होतो.

याच रागापायी मी पुढे फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी चढलो. ती हकीकत सांगण्याआधी हुसेनचाचांबद्दल सांगायला हवं, कारण फोनमध्ये जे होतं ते त्यांचं होतं. चाचा हिमरू शाली विणणारे. त्यांच्याकडे आजोबांच्या हातची एक नक्षी होती, चौकटीच्या कागदावर टिंब टिंब भरलेली. द्राक्षाची वेल आणि तिच्यात लपलेला पक्षी. त्या नक्षीची शाल पुन्हा विणवून घ्यायची म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो. ते कागद काढायलाच तयार नव्हते. शेवटी एका सकाळी तयार झाले आणि म्हणाले, "एकीच बार खोलतूं, बेटा. कागज भी मेरे सरीका हो गया, खोले तो टूटता." त्यांनी एकेक घडी उघडली, मी फोटो घेत गेलो, आणि घडी परत घालताना कागदाचा भुगा त्यांच्या मांडीवर पडला. चाचा भुग्याकडे बघून म्हणाले, "हौ. अब सब तेरे पास है."

फोनमधले फोटो आपोआप इंटरनेटवर जाऊन जपले जातात, ते मी स्वतःच बंद करून ठेवलं होतं. ही नक्षी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. जगात तिची एकच प्रत होती आणि ती माझ्या खिशात होती. मे महिन्याच्या उन्हात, टेम्पोत चार्जिंगला लावलेला असताना फोन तापला आणि बंद पडला, तो उठलाच नाही.

बाहेरच्या दुकानात फोन दिला तर तुमची माहिती चोरीला जाईल, असं कंपनीवाले येता-जाता सांगतात. मला ते पटलं होतं. कडूबाईशी अबोला होताच. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. थंडगार काचेची खोली, टोकन, सोफा. गळ्यात पट्टा घातलेल्या साहेबांना मी विचारलं, "फोटो राहतील ना?" ते म्हणाले, "बघतो सर, इथे सही करा." काचेच्या पाटीवर बोटाने सही केली. वॉरंटी संपली होती, त्यामुळे पूर्ण बिल भरलं. दुसऱ्या दिवशी चकचकीत फोन हातात मिळाला. चालू केला तर त्याने मला नाव विचारलं.

"बोर्ड बदललाय सर," साहेब म्हणाले. "डेटा जातोच त्यात. तुम्ही सही केली आहे."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर आणलं. माहिती चोरीला जाऊ नये म्हणून ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी ती कचऱ्यात टाकली आणि वर सही दाखवली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि घालवायचा माझा विचारही नाही.

गल्लीत येऊन मी बांगडीवाल्यापुढे हीच कहाणी मोठ्याने सांगत होतो. चाचांना काय तोंड दाखवू, हेच वारंवार येत होतं. कडूबाई उजव्या बाजूला एका फोनवर वाकलेली होती. मान वर न करता तिने विचारलं, "कातडी कुठंय?"

"कसली कातडी?"

"मेलेल्या बोर्डाची, शेठ. तुमचे फोटू त्या बोर्डात. नवा बोर्ड घातला, मंग जुना गेला कुठं? त्यांनी दिला का तुम्हाला?"

आयुष्यभर माल तोलून घेणारा मी, नवा माल घेतला आणि जुना तिथेच सोडून आलो होतो.

"बिल भरलं ना पुरं?" तिने विचारलं. "बदलून दिलं का इकत दिलं?"

"विकत."

"मंग जुना तुमचा. चला." तिने दुकानाचं अर्धं शटर ओढलं. रिक्षात बसल्यावर मला दम भरला, "तिथं वरडायचं नाय. वरडलं की मेंढरू पळतंय, मंग धरायचं कुणी?"

सेंटरवर गर्दी होती. वॉचमनने मला ओळखलं आणि दारात आडवा झाला. कडूबाई त्याला म्हणाली, "भाऊ, आता ते मुके हायेत. मी बोलते." टोकन घेऊन आम्ही सोफ्यावर बसलो. नंबर आल्यावर ती साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, ह्यांचा जुना बोर्ड दावा."

"मॅडम, जुने पार्ट कंपनीकडे परत जातात. तशी सिस्टीम आहे."

"परत? कंपनीनं ह्यांच्याकडून इकत घेतला का जुना?"

"तसं नाही…"

"मंग दान दिला का ह्यांनी?"

मागे सोफ्यावर कुणीतरी हसलं. साहेब माझ्याकडे वळले. आता माझी पाळी होती. माझ्या घशाशी शिव्या आल्या होत्या, पण कडूबाईची चप्पल माझ्या बुटावर होती. मी गादीवर बसून बोलतो त्या आवाजात म्हणालो, "साहेब, फोटो जातील याला मी सही दिली. बोर्ड तुमचा होईल याला दिली असेल, तर ती ओळ मला वाचून दाखवा. मी लगेच जातो."

साहेबांनी पडद्यावर वरखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. तेवढ्यात मागची एक बाई उठून म्हणाली, "माझी जुनी बॅटरी पण तुमच्याकडेच राहिली की हो." एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "सर, माझ्या बोर्डात पण फोटो असतील का?" सोफा रिकामा होऊन काउंटरपाशी माणसं जमू लागली. साहेब आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चंदेरी पिशवी होती. पाठवायच्या खोक्यातून काढलेली. वर माझ्या बिलाचा नंबर.

"घेऊन जा. पण याला काही वॉरंटी नाही."

"मेलेल्याला कसली वॉरंटी, साहेब," कडूबाई म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. तिने ती स्वतःकडे ठेवली नाही. रिक्षातसुद्धा मलाच धरायला लावली.

दुकानात तिने बोर्ड भिंगाखाली घेतला आणि मला समोर बसवलं. तिचा आवाज एकदम उतरला होता. "शेठ, करंट सोडावा लागंल. उठला तर उठला. नायतर कायमचा गेला. बोला."

"निम्म्यावर तरी आशा आहे ना?" मी विचारलं.

"इथंबी घासाघीस? व्हय का नाय?"

मी चाचांच्या मांडीवरचा भुगा आठवला आणि "होय" म्हणालो.

तिने बोर्डावर स्पिरिट सोडलं आणि बारीकसा करंट दिला. "जिथं आधी वाळंल तिथं ताप, तिथंच बिघाड," ती पुटपुटली. ओल्या चकाकत्या बोर्डावर एका कोपऱ्यात तिळाएवढा ठिपका कोरडा पडला. तिने तो तीळ चिमट्याने उपटून माझ्यापुढच्या कागदावर ठेवला. बोर्ड फोनमध्ये बसवला, बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. पडदा काळाच राहिला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कडूबाईचं स्टूल भिंतीकडे वळलेलं होतं.

"दाबा आकडा," ती पाठमोरी म्हणाली. "का मोजू पोपडे?"

कुलूप उघडलं. वेल होती, पक्षी होता, एकेक घडी होती. फोटो उतरवून घेण्याच्या घाईत माझं बोट भलतीकडे लागलं आणि फोन बोलू लागला. आवाज माझाच होता. मोठ्या सौद्याला जाण्याआधी मी दोन्ही बाजूंनी बोलून तालीम करतो आणि ती रेकॉर्ड करून ऐकतो. हे गुपित बायकोलाही ठाऊक नाही. फोनमधला मी गुरगुरत होतो, "याखाली एक पैसा उतरणार नाही." आणि लगेच, गोड आवाजात, "बरं, तुमचं माझं नातं बघून उतरतो."

बांगडीवाला हारा हातात धरून उभाच राहिला. कडूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते.

"बाई, हे बाहेर जाता कामा नये," मी म्हणालो.

"मी भिंतीकडं बघत होते, शेठ. मला काय दिसलं?"

गल्लीतल्या एकाही व्यापाऱ्याला ते कधी कळलं नाही. कळलं असतं तर पहिल्या आठवड्यातच मला सौद्यात समजलं असतं. तिने पाटीवरचा दर घेतला. मी जास्त देऊ केला, तर त्यालाही तिने घासाघीस म्हटलं. तिळाएवढा जळका भाग पुडीत बांधून दिला. ती पुडी माझ्या गल्ल्यात लक्ष्मीच्या फोटोशेजारी आहे.

आता कडूबाई गुलमंडीत नाही. आमच्या सोयगावला तिने स्वतःचा अख्खा गाळा घेतला. गल्लीतल्या लोकांनी वेड्यात काढलं, शहरातला चालता धंदा सोडून कुणी जातं का म्हणून. ती म्हणाली, "तिथली माणसं बंद फोन एसटीच्या कंडक्टरकडं देऊन हितं धाडतात. मालक तिथं, फोन हितं, नजर कुणाची? असं नाय चालत."

ती निघाली त्याच आठवड्यात चाचांची शाल मागावरून उतरली. पहिली. निळ्यावर पांढरी वेल, आणि पानाआड तो पक्षी, शोधला तरच दिसणारा. चाचांनी बोटांनी पक्षी चाचपला आणि "हौ, वहीच है" एवढंच म्हणाले. मी ती शाल घेऊन कडूबाईकडे गेलो. टेम्पो भरला होता, भिंग गोधडीत गुंडाळलेलं. तिने शाल उघडली, उलटी करून मागचे धागे बघितले, पक्षी सापडेपर्यंत वेलीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून, पुरती मुरलेली बाई, म्हणाली, "कातडी कुठंय?"

मी याचीच वाट बघत होतो. खिशातून पुडी काढली. शाल उतरवताना कापलेली सुताची टोकं होती तिच्यात, निळी आणि पांढरी, चाचांकडून मागून घेतलेली. तिने टोकं शालीला लावून रंग पडताळले.

"बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. "दर सांगा."

"घासाघीस करणार असाल तर नाही सांगत."

ती हसली. शाल तिने पिशवीत टाकली. पुडी मात्र कमरेला खोचली आणि टेम्पोत चढली. कडूबाईला पुडी बांधून देणारं गिऱ्हाईक या गल्लीत मी एकटाच.